खिडकीची जागा

बाभळीवर सात कावळे होते, पिंडापाशी एकही नव्हता. दिपालीने ते तीनदा मोजले. तिच्या वडिलांचा, चित्रकलेच्या शहादेव मास्तरांचा, आज दहावा होता. ऊन चढलं होतं आणि भावकी ओढ्याकाठी उपाशी खोळंबली होती.

"अण्णा, दिपीचं लगीन थाटात करतो," तिचा भाऊ प्रविण हात जोडून म्हणाला. एकही कावळा हलला नाही.

"आरं, त्याचा जीव त्या मेक्सिकोत अडकलाय," चुलते म्हणाले. "जोडीनं जायची सहल बुक केलती त्यानं. गाइडसकट."

आई गुडघ्यावर हात टेकत उठली. "जाते मी मेक्सिकोला. तिथली भिंतीवरची चित्रं बघते, मक्याची भाकर खाते, ती पडकी देवळंबी चढते. झालं समाधान?"

कावळे सातच.

आई पुन्हा खाली बसली. ती पिंडाकडे वळली.

"तुमचं तिकीट रद्द करीत न्हाई," ती हळूच म्हणाली. "इमानात खिडकीची जागा तुमचीच. जेवा आता. लई दमले मी."

दिपालीने वर पाहिलं. बाभळीवर सहा कावळे होते.