तेलाचा ब्रेक

सायकलच्या दुकानात काउंटरवर ब्रेकची दोन खोकी उघडी होती. पहिल्यात दोन चकत्या, दोन पकडी, चार पॅड, दोन वायरी आणि बारा बोल्ट. दुसऱ्यात दोन चकत्या, दोन पकडी, चार पॅड, तेल भरलेल्या दोन नळ्या आणि अकरा बोल्ट.

रीताने दुसऱ्या खोक्यातले बोल्ट पुन्हा मोजले. अकराच.

"नवाबभाऊ, एका चकतीला सहा लागतात ना?"

"लागतात. म्हनून तर म्हनतो, वायरचा घ्या. हा मालच अधुरा आला." नवाबने तेलाच्या ब्रेकचं खोकं हलकेच बाजूला सारलं.

खोक्यावरची पट्टी त्याने आत्ताच तिच्यासमोर फाडली होती. ती एका बाजूने आधीच उचकटलेली होती.

रीता माजरीच्या कोळसा खाणीच्या कॉलनीत वाढलेली. गेल्या वर्षी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि सावली गावात खोली घेऊन राहिली. काम एकच: दर आठवड्याला जंगलातून सायकलने उमरबोडीला जायचं आणि तिथल्या चार विहिरींचं पाणी तपासणीसाठी आणायचं. सहा महिने, एकही आठवडा न चुकवता. तिच्या आधीचे दोघे महिनाभरातच काम सोडून गेले होते. का, ते कोणी सांगत नव्हतं.

तिची गिअरची सायकल दणकट होती, पण रबराचे जुने ब्रेक नाल्याच्या उतारावर नुसते किंचाळायचे आणि दगा द्यायचे. म्हणून आज डिस्क ब्रेक.

"दोन्ही लावून दाखवा," ती म्हणाली.

नवाबने आधी वायरचा जोडला, चाक फिरवलं आणि ब्रेक दाबला. कर्रर्र! दुकानाच्या सावलीत रिकामी टोपली घेऊन बसलेली सोमारीबाई दचकली. ती उमरबोडीची; तलावातली मासोळी विकायला सावलीच्या बाजारात यायची.

"माय वो! डुक्कर कापून राह्यला का रे नवाब?"

"बिरेक हाये बाई. जोरदार."

तेलाचा त्याने पाच बोल्टांवरच लावून दाखवला. चाक जागच्या जागी थांबलं. आवाज शून्य.

"हाच द्या."

नवाबने सोमारीबाईकडे पाहिलं, सोमारीबाईने रस्त्याकडे.

"काऊन वो बाई," सोमारीबाई सहज विचारल्यासारखं म्हणाली, "तू नाल्यावर किती वाजता येतेस?"

"चारच्या सुमाराला."

"चार वाजता सायेब रायते तिथी."

"कोण साहेब?"

"सायेबच."

"कोणत्या खात्याचे?"

नवाबला हसू आलं. "खात्याचं म्हनाल, तर जंगल खात्याचेच."

"मग मला काय करतील? माझ्याकडे परवानगीचा कागद आहे."

"सायबाले वाचता येत नाई," सोमारीबाई म्हणाली. तोंडावरची माशी हलली नाही. "आमच्या भागीरथाची बकरी नेली उचलून. कोनी काय केलं सायबाचं? घंटी वाजवत जात जा, बाई. दुरूनच."

रीताने वहीत लिहिलं: साहेब. नाला. चार. बकरी. खाली रेघ ओढली. मग टाकीचं पाणी प्यायला दुकानामागे गेली. भिंत कुडाची होती, पलीकडचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं.

"पोरगी एकटी येते रे. सायबाले दुरूनच आवाज गेला पायजे."

"मंग सांगून टाक ना तिले."

"सांगू? त्या दोघाईले सांगतलं, तं पयाले. हे बी भेवल. मंग आमच्या पान्याचं कोन पाहन? तू वायरचाच लाव. कराकरा वाजू दे."

रीताच्या हातातला पेला तसाच राहिला. म्हणजे ती उतारावर आली की आवाज होणार, आणि खाली बसलेल्या माणसाला कळणार: आली. दर आठवड्याला, चार वाजता, एकटी. दोघं तरुण पळाले ते याच माणसाला भिऊन. आणि गाव त्याच्यासाठी ब्रेक निवडून देत होतं.

पळायचं नाही, एवढं तिने तिथेच ठरवलं. पंधरा आठवडे झाले होते, अकरा उरले होते.

ती परत आली, तेव्हा नवाब वायरचा ब्रेक उचलायला वाकला होता. त्याच्या शर्टाच्या खिशातून काहीतरी टणकन खाली पडलं. रीताने ते उचलून काउंटरवर ठेवलं.

"बारावा," ती म्हणाली.

नवाबचा चेहरा पडला. "मॅडम, तुमच्या भल्यासाठीच—"

"तेलाचा लावा. आणि घंटी काढून टाका."

"घंटी कायले?"

"खडखडते."

सोमारीबाई काहीतरी बोलायला उठली, पण तेवढ्यात गडचिरोलीची एसटी आली आणि तिची टोपली आधी दारातून आत गेली, मग ती. नवाबने मान खाली घालून सहाचे सहा बोल्ट आवळले, दोन्ही चाकांना. काम चोख केलं. निघताना एवढंच म्हणाला, "गाणं म्हनत जा, मॅडम. जोरात."

जंगलात शिरल्यावर तिने साखळीला थेंबभर तेल दिलं. पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या वाजू नयेत म्हणून त्यांच्या मध्ये रुमाल कोंबला. उताराच्या माथ्यावर घड्याळ पाहिलं: चारला पाच कमी. त्या माणसाने तिला पाहायच्या आत तिने त्याला पाहायचं, चेहरा नीट लक्षात ठेवायचा, आणि उद्या सकाळी पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार करायची.

सायकल सुटली. पाचोळासुद्धा वाजला नाही. शेवटच्या वळणावर तिने दोन्ही ब्रेक दाबले, आणि चाकं लोण्यात रुतल्यासारखी थांबली.

साहेब वाटेच्या मधोमध बसले होते, पाठमोरे. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं.

पुढच्या चाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत अंतर होतं साडेतीन मीटर.