कोरं तेल

सावळाराम गाडीखालून सरपटत बाहेर आला आणि बोटाला लागलेलं तेल त्यानं उजेडात धरलं. तेल मधासारखं पिवळं होतं.

मग बॉनेट उघडून त्यानं इंजिनातली तेलाची काडी ओढून बघितली. काडीवरचं तेल काळंकुट्ट, आणि अगदी खुणेपर्यंत भरलेलं. इंजिनाच्या पोटाला तर नुसती कोरडी धूळ. गळती कसली नि काय! कुणीतरी डब्यातलं कोरं तेल फरशीवर ओतलं होतं.

इंजिन फटफटत धक्के का खातंय, तेही कळलं. दोन प्लगांच्या वायरी अदलाबदल करून लावल्या होत्या.

गाडी विलायती, लांबलचक, आत लाल कातड्याच्या बैठका. मालक शंकरराव दुष्काळाच्या साली वारले, तेव्हापासून कवठ्याच्या या बंगल्यावर ती आणि तिचा म्हातारा ड्रायव्हर रखमाजी, एवढेच उरले होते. शंकररावांची लेक ललिताताई पुण्याला सासरी. चार दिवसांमागं ती आली आणि तिनं दौंडहून सावळारामला बोलावणं धाडलं.

"मिस्त्री, आज गाडी चालू झाली पाहिजे," सकाळीच तिनं बजावलं होतं. "तुम्हाला नाही जमलं तर उद्या पुण्याहून माणूस आणते. पण काय तो एकदाचा निकाल लागू दे."

रखमाजी गाडीखान्याच्या भिंतीला टेकून बसला होता. शेजारी त्याची वळकटी आणि एक ट्रंक.

"मामा, हे तेल कुनी ओतलं?" सावळारामनं विचारलं.

रखमाजीनं डोळ्यांवरचा नवाकोरा चष्मा काढला आणि खाकी शर्टाच्या टोकानं पुसला. "जुनं झालं की गळतंय, मिस्त्री."

"आन् वायरी? त्याबी म्हातारपनी जागा बदलत्यात व्हय?"

 म्हाताऱ्यानं बंगल्याच्या ओट्याकडं हनुवटी केली. "तकडं बघा. नारळ, हळदकुकू, झेंडूचा हार. ताईसाहेबांनी सकाळीच आनून ठिवलाय. गिऱ्हाईक येनार. गाडी चालू झाली की नारळ फुटला आन् गाडी गेली."

"त्या म्हनल्या तसं?"

"न्हाई."

"मग इचारायचं की!"

"मालकाला इचारायची रीत हाय का आपली? जलमभर नुसतं 'कुठं घिऊ' एवढंच इचारलं." त्यानं चष्मा पुन्हा चढवला. "परवा मला शिरूरला न्हेऊन ह्यो चष्मा घिऊन दिला. लायसनबी नवं करून घेतलं. गिऱ्हाइकाच्या दारात गाडी पोचवाया नजर नगं व्हय?"

"मग तुम्ही कुठं जाल?"

"कुठं जाऊ? गाडी हाय तवर हितं माजी वळकटी हाय. गाडीच न्हाई तर ड्रायव्हर कशाला कोन पोसंल? बायको न्हाई, पोर न्हाई. मेलो तर वास सुटल्यावर कळंल गावाला."

 दौंडला सावळारामचं तरी काय निराळं होतं! बायको तुळजाबाई गेल्यापासून दाराचं कुलूप त्यानंच लावायचं, त्यानंच काढायचं. भाकरी करपली तरी कुणी बोल लावणारं नव्हतं. गॅरेज होतं म्हणून दिवस तरी ढकलला जाई.

त्यानं दाराकडं एकदा बघून घेतलं. "वायरी बदलून भागायचं न्हाई, मामा. उद्या पुन्याचा मिस्त्री हाच खेळ वळखंल."

"मग वो?"

"मग हिला खरंच मारावी लागंल. तेल काढून टाकायचं आन् तशीच पळवायची. आतलं लोखंड लोखंडाला चिकटतं. अशी गाडी मग कोन घेत न्हाई. ऱ्हाईल हितंच, तुमच्यासंगं."

रखमाजीनं गाडीच्या मडगार्डवरून हात फिरवला. लहान लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग होकाराची मान हलवली.

सावळारामनं वायरी जागच्या जागी लावल्या. खाली घमेलं सरकवून बोल्ट काढला. काळं तेल पार निथळेपर्यंत तो तसाच उकिडवा बसून राहिला. आजवर त्यानं गाड्या जगवल्या होत्या. मारायला आज पहिल्यांदाच बसला होता.

रखमाजी स्टीअरिंगवर बसला. पहिल्याच झटक्याला इंजिन सुरू झालं. एक ठोका चुकेना.

"सायबांच्या येळचा आवाज," रखमाजी म्हणाला. चष्म्याखालून पाणी गालांवर आलं.

"दाबा, मामा."

रखमाजीनं डोळे मिटून पाय दाबला.

आवाज ऐकून ललिताताई ओट्यावरून धावतच आली. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात हार. "झाली! काका, झाली की हो चालू!"

इतक्यात इंजिन आतून ठोके देऊ लागलं. ठोके वाढत गेले, धूर निघाला आणि एक कर्कश चिरकी मारून सगळं थांबलं.

"इंजिन बसलं, ताई," सावळाराम खाली बघत म्हणाला. "आता ब्रह्मदेव आला तरी हिचं काय व्हायचं न्हाई."

ललिताताई मटकन उंबऱ्यावर बसली. हार मांडीवर तसाच पडला.

"काका, बंगला विकला मी," ती म्हणाली. "जागेसकट. परवा ते लोक ताबा घेतील, हा गाडीखाना पाडतील. तुमचं कसं होणार म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. गाडी चालू झाली की तुमच्या नावावर करणार होते. लगीनसराईत वराती केल्या असत्या, तरी एकट्याचं पोट भरलं असतं. चालू होईल की नाही, उगाच आशा कशाला लावायची, म्हणून बोलले नाही."

तिनं हातातल्या नारळाकडं बघितलं.

"हा नारळ तुमच्या हातून फोडायचा होता, काका."