रिकामं घर

दार चौकटीतून काढून समोरच्या भिंतीला टेकवलेलं होतं. सुतार उकिडवा बसून बिजागऱ्यांचे स्क्रू डब्यात टाकत होता. मेट्रनबाई बोटीतून उतरून, गल्लीचा चढ चढून धापा टाकत तिथे पोचल्या आणि नुकतंच विकत घेतलेलं आपलं घर ते हेच का, म्हणून त्यांनी भाच्याकडे पाहिलं.

"हेच," भाचा म्हणाला. "आतल्या खिडकीतून समुद्र बघशील तर वेडी होशील, आत्या. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना असलंच लागतं. रंग मारायचा, चार फोटो काढायचे, की बसल्या जागी भाडं सुरू."

हॉस्पिटलातून निवृत्त होताना हातात पडलेला सगळा फंड बाईंनी या भाच्याच्या भरवशावर या बेटावर लावला होता. मासे गोठवायचा कारखाना बंद पडल्यापासून बेट ओस पडत चाललं होतं, घरं मातीमोल मिळत होती. गल्लीत दोन्ही बाजूंना नुसती कुलपं, तीही गंजलेली.

उघड्या चौकटीतून आतली खोली सरळ दिसत होती. खाटेवर एक म्हातारा उघडाबोडका पडला होता. एक बाई एका हाताने ओल्या फडक्याने त्याचं अंग पुसत होती आणि दुसऱ्या हाताने चादर धरून त्याला रस्त्यापासून झाकायला बघत होती. इकडून झाकलं की तिकडून उघडं पडे. म्हाताऱ्याने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"हे कोण?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"जुने भाडेकरू. सासरा आणि सून. नवरा जहाजावर कामाला, इकडे फिरकत नाही फारसा." भाच्याने आवाज खाली आणला. "उठायलाच तयार नव्हते. म्हटलं, दार दुरुस्तीला काढतो. समुद्राचा वारा अंगावर आला की आपोआप हलतील. भांडण नको, कोर्ट नको. सगळे असंच करतात इथे."

"आणि मला म्हणालास, घर रिकामं आहे."

"होईलच की संध्याकाळपर्यंत."

मेट्रनबाईंचे कान लाल झाले. त्यांचा हा रंग हॉस्पिटलातले मोठे डॉक्टरही ओळखून असत. भाचा ओळखत नव्हता.

"जन्म वॉर्डात गेला माझा. मरायला टेकलेला असो, चोर असो, दारुडा असो, अंग पुसायच्या आधी पडदा ओढतो आम्ही. आणि तू माझ्या पैशाने एका म्हाताऱ्याला भररस्त्यात नागडा केलास?"

"आत्या, हळू. लोक ऐकतील."

"कुठले लोक? ठेवलेत का कुणी? अख्खी गल्ली कुलपांनी भरलीय, आणि तुला उठवायला नेमकं चूल पेटलेलंच घर सापडलं?"

"धंदा म्हटला की मन जरा घट्ट करावं लागतं. सुरुवातीला सगळ्यांनाच जड जातं…"

बाईंनी पुढचं ऐकलंच नाही. बोटीवरच्या वाऱ्यासाठी घेतलेली शाल त्यांनी खांद्यावरून ओढली, तरातरा चौकटीत गेल्या आणि खोलीकडे पाठ करून, दोन्ही हातांनी शाल ताणून उभ्या राहिल्या.

"दार उचल," त्या म्हणाल्या.

"मी?"

"मग काय तुझ्या बापाला बोलावू? मी हाक मारली तर तोही येईल, आणि आधी तुझ्या कानाखाली काढेल. उचल!"

सुतार एव्हाना डबा घेऊन उभा राहिला होता. "बाई, मला वाटलं खरंच दुरुस्ती आहे," तो पुटपुटला.

"नव्हतं वाटलं तुला," मेट्रनबाई म्हणाल्या. "धर तिकडून."

दार जुनं होतं, जड होतं. भाच्याच्या कडक इस्त्रीच्या शर्टावर गंजाचे आणि डांबराचे पट्टे उठले. तो तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलत होता. वारा शाल हिसकत होता आणि बाईंचे दंड भरून आले होते.

मागून सुनेचा आवाज आला. चढलेला नव्हता, साधाच होता.

"रिकामंच घर पाहिजे म्हणणाऱ्या त्या तुम्हीच का?"

शालीचं एक टोक बाईंच्या हातातून सुटलं. फोनवर त्या म्हणाल्या होत्या तसं. अगदी बजावून म्हणाल्या होत्या. रिकामंच बघ हं बाबा, मला या वयात कुणाची कटकट नको. ते रिकामं कसं होतं, हे विचारायचं मात्र त्यांना सुचलं नव्हतं.

"हो," त्या म्हणाल्या. "मीच." आणि वाकून त्यांनी टोक पुन्हा धरलं.

मागे फडकं पिळल्याचा आवाज झाला.

दार बसलं तशा बाई चौकटीतून बाहेर सरकल्या. सुताराने शेवटचा स्क्रू आवळला, दार ओढून बघितलं, आणि ते लागतं न लागतं तोच आतून कडी पडली. भाच्याने हात झटकले.

"झालं समाधान? आता यांचं काय करायचं ते तूच ठरव. आणि चल, बोट सुटेल."

"सुटू दे. तू जा."

तो खरंच गेला. त्याच्या मागे सुतारही निघाला. मेट्रनबाईंनी शाल अंगाभोवती घेतली आणि दारावर हलकेच टकटक केली.

"कोण?"

घरमालकीण, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. त्या म्हणाल्या, "मघाचीच मी. बोलायचं होतं. येऊ का आत?"

"थांबा. सदरा घालतेय त्यांना."

"सावकाश होऊ दे," मेट्रनबाई म्हणाल्या, आणि स्वतः विकत घेतलेल्या घराच्या पायरीवर वाट बघत बसल्या.