आजची तारीख

वेबपानाची लिंक दिली की आमचं एपीआय, म्हणजे एक प्रोग्राम, त्यातून शीर्षक, लेखक आणि तारीख वेचून रकान्यांत मांडतं. बेंगळुरूच्या ऑफिसात रोज पहिली चाचणी मी अण्णाच्या ब्लॉगवरच घेते. सहा वर्षांपूर्वी अम्माशी भांडून निघून गेलेल्या भावाचं तेवढंच उरलंय. आज तारखेच्या रकान्यात आजची तारीख आली. मी तडक शिमोग्याला फोन लावला. "अम्मा, अण्णानं आज लिहिलंय!" पुढचं ऐकून न घेताच ती शेजारीपाजारी सांगत सुटली. ऑफिसात माझ्या बाजूला बसणाऱ्या नागभूषणनं पान उघडलं. "अगं वेडे, लेख जुनाच आहे. तळाला रोज त्या दिवसाची तारीख आपोआप येते. तू काल प्रोग्राम बदललास, त्यानं तीच उचलली." मी बदल मागे घेतला. सहा वर्षांपूर्वीची तारीख परत आली. तेवढ्यात अम्माचा फोन. "सगळ्या जमल्यात गं. तुला स्पीकरवर टाकलंय. वाच, काय लिहिलंय त्यानं?"