शटर खाली येण्याआधी
"तुझे टाके हल्ली वाकडे येतात," असं धाकटी बहीण गिऱ्हाइकासमोर मला म्हणाली, तेव्हापासून शिवणाच्या एकाच दुकानात बसून आम्ही पंधरा दिवस अबोला धरला होता. त्या संध्याकाळी सुईत दोरा ओवताना माझ्या मधल्या बोटात अचानक चटका बसल्यासारखं झालं. मी उठून बाहेर आले, दाराच्या चौकटीला हात टेकला, आणि धाकटीने रागारागाने शटर खाली ओढलं. तिने वळून पाहिलं तर माझं बोट निळंजांभळं झालेलं. "अगं बाई, सापडलं का गं, ताई?" म्हणत ती रडायलाच लागली. शटर बोटाला शिवलंही नव्हतं, पण मी गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी डॉक्टर मला म्हणाले, "हा मार नाही. बारीक शीर कधीकधी आपोआप फुटते, कारण सापडत नाही. आठवड्यात जाईल." बाहेर थांबलेल्या धाकटीला मी फक्त शेवटचं वाक्य सांगितलं. तिने स्वतःच बोटाला पट्टी बांधली. हवी होती ती माफी तिने मागितलीच नाही. न केलेल्या गुन्ह्याची मात्र रोज मागायची, वर माझी वेणी घालून द्यायची. मी चालवून घेतलं. पाचव्या दिवशी पट्टी हळूच सोडून पाहिली, बोट साफ होतं. परत गुंडाळून टाकली. नवव्या दिवशी वेणी झाल्यावर तिने माझा हात ओढून घेतला आणि पट्टी सोडली. बोटावर डागसुद्धा नव्हता. तिने ते उलटसुलट करून पाहिलं, नवी पट्टी काढली आणि ती नीट गुंडाळत म्हणाली, "राहू दे अजून आठ दिवस, ताई. दुखत असेल."