भिंतीवरची सकाळ

"आज कुणी मल्लूला एक सबूद सांगायचा न्हाय," वीरप्पानं बजावलं. "तू बी न्हाय. आपलं आपण आवरून घंटेच्या आत गेला तर साळा. न्हाय तर उद्यापासनं शेळ्यांमागं."

त्याच्या बायकोनं, नागम्मानं, बाजेवरूनच मान हलवली. क्षयानं तिच्या अंगाचं पार चिपाड केलं होतं. उमरग्याच्या हकिमानंही हात टेकले होते. मरणाला ती भीत नव्हती, पण निजाम सरकारच्या उर्दू शाळेत का होईना, पोटच्या मल्लूनं चार अक्षरं गिरवावीत, एवढ्यात तिचा जीव अडकला होता. पोरगं गुणी, पण अगदी भोळा सांब. तोंड धुतलं की पुढं काय, हे कुणीतरी सांगावं लागे, आणि सांगणारी तर निघालेली.

म्हणून तिनं ओसरीची भिंत धरली. चित्रं काढायला ती कुठं शिकली होती? दर पंचमीला गेरूनं नागोबा काढायचा, तेवढाच काय तो हाताला सराव. तरी धापा टाकत, उठत-बसत तिनं काढलं: लिंबाची काडी, पाण्याचा तांब्या, विभूतीचे पट्टे ओढलेलं कपाळ, भाकरी आणि शेवटी पाटी. चित्रात दिसेल तसं एकेक करत जायचं, एवढं तिनं मल्लूला रात्रीच सांगून ठेवलं होतं.

मल्लू उठला, डोळे चोळत भिंतीपुढं उभा राहिला. काडीवर बोट ठेवलं, मग काडी चावत अंगणात गेला. परत येऊन तांब्यावर बोट, आणि दोन तांबे अंगावर घेतले. विभूती लावली ती पार कानापर्यंत ओढली. नागम्माला हसू आलं, ते खोकल्यात विरलं. वीरप्पाही मिशीत हसला. तो काही कसाई नव्हता. घर, शेत आणि शेळ्या, सगळं त्याला एकट्याला ओढायचं होतं.

मग बोट भाकरीवर आलं. शेजारची शांताक्का पहाटेच भाकरी थापून गेली होती, दुरडी चुलीपाशीच होती. मल्लूनं दुरडीपुढं मांडी घातली आणि हात पसरून बसून राहिला.

'घे की रे,' नागम्माच्या ओठांवर आलं. वीरप्पानं तिच्याकडं पाहिलं.

पोर बसलेलंच. एका हाताला रग लागली की दुसरा पुढं करायचं. या घरात दुरडीतली भाकरी कुणी आपल्या हातानं घेत नसे. वाढल्याबिगर घेणं म्हणजे चोरी, हे नागम्मानंच त्याला एकदा थोबाडीत देऊन शिकवलं होतं. तिनं भिंतीकडं पाहिलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं. भाकरीखाली तिनं एक हात काढला होता, बांगड्या भरलेला. नुसती भाकरी हवेत लटकल्यागत दिसत होती, म्हणून काढलेला.

शाळेची घंटा झाली. मल्लूनं दाराकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं, आणि हात तसाच पुढं ठेवला.

वीरप्पानं खुंटीवरची पाटी काढून माळ्यावर टाकली.

"बघितलंस न्हवं? तुझ्या माघारी रोज वाढाया कोण बसणार हाय हितं?" तो रागावलासुद्धा नव्हता.

"माझंच चुकलं वो," नागम्मा म्हणाली. "उद्याच्याला जाईल त्यो, बघा तुमी. मल्लू, भिंतीवरचा त्यो हात पूस, बाळा. भाकर आपल्या हातानं घ्यायची असती."

"व्हय अव्वा," म्हणत मल्लू उठला. तांब्यात बोटं बुडवली, टाचा उंच केल्या आणि मन लावून भिंत घासू लागला. गेरूचं पाणी त्याच्या कोपरापर्यंत ओघळलं.

तो बाजूला झाला तेव्हा भाकरी पुसली गेली होती. अव्वाच्या बांगड्या भरलेल्या हाताला त्यानं पाणीही लागू दिलं नव्हतं.