पाचवं घर

"पाच घरं मागायची. दिवस मावळायच्या आत. चौथ्या दारावरनं माघारी फिरायचं न्हाय, म्होरं कुणी का उभं असंना."

आई जाऊन चार महिने झाले होते. तरी मंगळवारी देवीची परडी उचलली की शिवकांताला हे शब्द ऐकू यायचे. शेवटच्या दिवशी आईचा हात धरून तिनं ‘व्हय’ म्हटलं होतं.

आज तीन घरं झाली होती. तिन्ही घरांची मिळून रेशनची ओंजळभर लाल विलायती ज्वारी, मिलो, परडीत पडली होती.

"जोगव्याला मिलो चालतो का गं?" बनाबाईनं दारात विचारलं होतं.

"चालतो की. दुष्काळ पडलाय ते देवीला ठावं हाय."

चौथं घर आबारावांचं.

आबाराव सोसायटीचे चेअरमन. गावाचं टपाल सोसायटीत पडायचं आणि त्यांच्या हातूनच वाटलं जायचं. शिवकांतानं सोलापूरच्या दवाखान्यात नर्सच्या शिक्षणासाठी अर्ज केला होता. तिच्या नावाचं पाकीट येऊन आठ दिवस झाले, हे पोस्टमननं तिला खडीच्या कामावर येऊन सांगितलं होतं. आबारावांनी दोनदा सांगितलं होतं, काही आलं नाही.

ते ओसरीवर पाटावर बसले होते. गालाला साबण. ज्ञानोबा न्हावी वस्तारा चामड्यावर घासत होता.

"आई राजा उदो उदो! जोगवाऽऽ"

"या, मॅट्रिक पास बाई," आबाराव म्हणाले. "बघ रं ज्ञानोबा. सरकारनं शिकवलं, अन् पोरगी परडी घिऊन दारात."

ज्ञानोबा हसला नाही.

"आबाकाका, माझं पाकीट द्या."

"कसलं पाकीट? तिकडं लोकांच्या घाणी काढायला कशाला जातीस? म्या म्हणलं न्हाय का, सोसायटीत ये. कागदं लिही. सावलीत बस. तुझ्या बाला, धोंडीबाला बी खडी फोडायची पाळी येणार न्हाय." त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावरून खाली उतरली आणि तिथंच थांबली. "आई न्हाय तुला. कुणीतरी बघाय नको?"

शिवकांतानं पदर ओढून घेतला. पाय मागं निघत होते. तिनं ते उंबऱ्यासमोर तसेच रोवून ठेवले.

"जोगवा, काकी!" ती जरा मोठ्यानं म्हणाली.

आतून मालनबाई आल्या. आबारावांची बायको. हातात भरलेलं सूप. पांढरीशुभ्र ज्वारी, गावात कुणाच्या दारी उरली नव्हती अशी. ओसरीकडं न बघता त्या शिवकांतापुढं उभ्या राहिल्या आणि सूप कलतं केलं. ज्वारीबरोबर एक खाकी पाकीट घसरून परडीत पडलं. वरचा कागद फाडलेला होता. त्याच्यावर ज्वारी पडत राहिली.

"किती घालतीस?" आबारावांनी विचारलं. त्यांनी मान वळवायला घेतली.

ज्ञानोबानं दोन बोटांनी त्यांची हनुवटी धरून तोंड भिंतीकडं केलं. "हलू नका, मालक. वस्तारा नरड्यापाशी हाय."

"देवीचं मागणं हाय," मालनबाई म्हणाल्या. "हात आखडू का?"

मग त्यांनी कुंकवाचा करंडा उघडला. शिवकांताच्या कपाळाला बोट लावताना त्यांचं तोंड तिच्या कानाशी आलं.

"माझ्या पोरीकडनं वाचून घेतलंय. उद्या सकाळी धा वाजता दवाखान्यात बोलावलंय. आजचीच बाराची येष्टी धर."

"काकी..."

"काकी म्हणू नको. तुझ्यासाठी न्हाय करत म्या, माझ्या घरासाठी करतीय. पुन्यांदा ह्या दारात दिसलीस तर तंगडं मोडीन."

कपाळावर नख रुतलं होतं. शिवकांतानं वाकून उंबऱ्याला हात लावला आणि ती वळली.

"मग उद्या येतीस न्हवं सोसायटीत?" भिंतीकडं तोंड करून आबारावांनी विचारलं.

ती पायऱ्या उतरली. मागं ज्ञानोबाचा आवाज ऐकू आला. "आता दुसरा गाल. सावकाश करू. काय घाई हाय?"

गल्लीच्या टोकाला ती थांबली. डाव्या हाताला, ओढ्यापलीकडं मुक्ताबाईचं घर. दर मंगळवारचं पाचवं. उजव्या हाताला फाटा. फाट्याकडून गाडीचा भोंगा ऐकू आला.

ती उजवीकडं वळली.

फाट्याच्या अलीकडंच बा खडी फोडत बसला होता. ज्वारी बाजूला सारून तिनं पाकिटाचा कोपरा दाखवला. धोंडीबानं हातोडा खाली ठेवला. पाकिटाकडं बघितलं, गावाकडं बघितलं.

"जा," तो म्हणाला. "म्या हाय हितं." आणि हातोडा पुन्हा उचलला.

गाडीचं भाडं ती आठ दिवस कनवटीला बांधूनच हिंडत होती. अंगावरचं लुगडं आणि परडी, एवढंच घेऊन ती गाडीत चढली.

"परडी टपावर टाक," कंडक्टर खेकसला. "माणसाला जागा न्हाय हितं."

"मांडीवर धरते. दिवस मावळायच्या आत पोचंल का हो सोलापूर?"

"पोचंल. का? कुणाकडं उतरायचंय?"

"जोगवा मागायचाय. एक घर ऱ्हायलंय."

कंडक्टरनं तिकिटं फाडायचं थांबून तिच्याकडं पाहिलं. "सोलापुरात? कुणाचं घर?"

"पयलं दार लागंल त्याचं."

गाडी खड्ड्यात आदळली. शिवकांतानं दोन्ही तळवे परडीवर पालथे धरले. ज्वारीचा एक दाणाही खाली पडला नाही.